बाईंची बोंब

आमच्या बाई कुणालाच नावाने हाक मारत नसत, रक्तगटाने मारत. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाची बोटं टोचली, काचपट्टीवर गट तपासले आणि ‘झाली ओळख’ असं जाहीर करून टाकलं. नाव आईबापांनी हौसेने ठेवलेलं असतं, त्यात तुमचं स्वतःचं काय, असा त्यांचा रोखठोक सवाल. यात एकच घोटाळा होता. बाई "ए, बी पॉझिटिव्ह!" असं ओरडल्या की बी पॉझिटिव्हवाले उठत आणि एबी पॉझिटिव्हवालेही उठत. मग बाई दोघांनाही झापत. आमच्यात ओ पॉझिटिव्ह उदंड, म्हणून मी ‘ओ पॉझिटिव्ह, वेणीवाली’ झाले, आणि पुढे वेणी कापली तरी तीच राहिले.

‘ओरडल्या’ हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. बाई ओरडूनच बोलत. घाटकोपर पूर्वेला आमचे वर्ग पिठाच्या गिरणीच्या बरोब्बर वर भरत. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा तिथे करता यायचा. सकाळभर खाली पट्टा फिरे, वर बाकं थरथरत, मायक्रोस्कोपवर पिठाचा पातळ थर बसे, आणि त्या सगळ्याच्या वरताण बाईंचा खणखणीत मालवणी आवाज. दुपारी गिरणी एकदम बंद व्हायची, पण बाईंचा आवाज काही खाली यायचा नाही. दळणाचे डबे घेऊन रस्त्यात उभ्या असलेल्या बायकांना मग जंतांच्या अंड्यांचे प्रकार ऐकावे लागत. एकदा एक आजी जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, नुसती अंडीच काय सांगता, औषध पण सांगा की!" बाईंनी त्यांना बाकावर बसवून औषध सांगितलं. जाताना त्यांचा रक्तगटही काढून घेतला.

कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पायात पुरुषांचेच पांढरे कॅनव्हासचे बूट. लॅबमध्ये सांडलेलं काहीही चपलेतून बोटांत जातं, असं त्या म्हणत, आणि लग्नाला जातानाही तेच बूट घालत. डब्यात बहुतेक वेळा सुके बोंबील. सीरमच्या बाटल्यांच्या फ्रीजवर त्यांनीच मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता, ‘या फ्रीजमध्ये मासे ठेवू नयेत.’ खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे मी मला सांगते आहे.’

पूर्वी त्या टाउनला, म्हणजे दक्षिण मुंबईत, कुठल्याशा मोठ्या संशोधनाच्या लॅबमध्ये होत्या. तिथून का निघाल्या याच्या आमच्यात बऱ्याच कथा होत्या. साहेबाच्या अंगावर बाटली फेकली, साहेबाने यांचं काम स्वतःच्या नावावर छापलं, साहेबाने मागणी घातली, वगैरे. शेवटी मी एकदा धीर करून विचारलंच. बाई म्हणाल्या, "माका थंय हळू बोलूचा लागायचा." आणि पुढची स्लाइड लावली. मला अजूनही वाटतं की खरं कारण तेच असणार.

पुस्तकं इंग्रजी, परीक्षा इंग्रजी आणि आम्ही सगळे म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळांतून आलेलो. म्हणून बाई प्रत्येक गोष्ट आधी मराठीत आणत, नुसत्या मराठीत नव्हे, आमच्या चाळीत आणून बसवत. नोट्स देत नसत. शेजारणीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट जशी लक्षात राहते तशीच ही राहिली पाहिजे, नाही राहिली तर मी सांगायला चुकले, असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, त्यांचं एकही लेक्चर मी पुन्हा वाचलेलं नाही आणि एकही विसरलेले नाही.

ज्या लेक्चरमुळे पुढचं रामायण घडलं ते इंटरफेरॉनचं.

"व्हायरस म्हणजे कोण?" बाईंनी सुरुवात केली. "ज्याला घर नाही, चूल नाही, पीठ नाही असा आगंतुक. तुमच्या पेशीत घुसतो आणि तुमच्याच चुलीवर, तुमच्याच पिठाच्या स्वतःसाठी भाकऱ्या थापतो. पीठ संपलं की घर मोडून शेजारच्या घरात. ज्या घरात तो घुसला ते घर बहुधा गेलंच म्हणून समजा. मग त्या घराने करायचं काय? गप बसायचं?"

"नाही बाई."

"मग काय करायचं?"

बाईंनी हातातला खडू ठेवला, डोळे मिटले, पालथा हात तोंडावर आपटत अशी काही बोंब ठोकली की आमच्या काळजाचं पाणी झालं. आमच्या गावाकडे शिमग्यात पुरुष मारतात, अगदी तशी. खाली पट्ट्याचा आवाज थांबला. गिरणीवाला पिठाने माखलेल्या हातांनी धडाधड जिना चढत आला. शेजारच्या खोलीत शिवणक्लास चाले, त्या क्लासच्या बाईंनी आतून कडी घातलेली आम्हाला स्पष्ट ऐकू आली.

"बघा!" बाईंचा चेहरा नुसता फुलला होता. "एक धावत आला, एकीने दार लावलं. दोघांचंही बरोबर. इंटरफेरॉन म्हणजे ही बोंब! ज्या घरात चोर घुसला ते घर मारतं, वाचतात शेजारी. शेजारच्या पेशींना कान असतात. बोंब ऐकली की त्या तवा लपवतात, परात लपवतात, चूल विझवतात. मग आगंतुक घुसला तरी त्याला भाकरी थापता येत नाही. आणि जे पहारेकरी आहेत ते धावत येतात, ह्यांच्यासारखे. जावा हो, काही नाही झालंय."

गिरणीवाला पुटपुटत खाली गेला. पेशी एकमेकींना असे निरोप पाठवत असतात, बाई सांगत राहिल्या, बऱ्याच प्रकारचे. मोठमोठ्या लॅबमध्ये त्यांना हल्ली सायटोकाइन म्हणतात. काही सापडलेत, पुष्कळ सापडायचेत. "ते सगळे निरोप. ही मात्र बोंब. कळलं?"

कळलं. इतकं कळलं की त्या दिवसापासून वर्गात इंटरफेरॉन हा शब्द कुणी उच्चारला नाही. बाईंच्या डब्यात बोंबील आणि तोंडात बोंब, असं आम्ही म्हणायचो, तेही त्यांना माहीत होतं.

त्याच हिवाळ्यात मी फ्लूने आडवी झाले. चार दिवस वर्गात दिसले नाही म्हणून बाई चौकशी करत डोंगराच्या कडेच्या आमच्या चाळीत येऊन धडकल्या, कॅनव्हासच्या बुटांसकट. आई माझ्या कपाळावर घड्या ठेवत होती. ताप उतरत नाही, ती काळजीने म्हणाली.

"तो व्हायरसचो ताप न्हय," बाई खाटेवर बसत म्हणाल्या, "तो तुमच्या चेडवाचो स्वतःचो ताप."

"म्हंजे काय?" आईही मालवणीवर आली. दोघी एकाच तालुक्यातल्या निघाल्या आणि मग मला कुणी विचारेना.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी मेंदूला निरोप धाडतात, की घरात चोर आलाय, चूल मोठी कर. व्हायरसला गरम सोसत नाही, आपल्या पहारेकऱ्यांना गरमीत जोर चढतो. म्हणून ताप दिसला रे दिसला की गोळी फेकायची नाही, बाई आईला बजावत होत्या. फार चढला किंवा लहान पोर असलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा घड्या ठेवायच्या, गोळी द्यायची, डॉक्टर गाठायचा, हट्ट करायचा नाही.

"आणि हाडां मोडतत तिची, ती कित्याक?"

"ती पण बोंबेमुळेच."

आईने घडी पिळता पिळता बाईंकडे पाहिलं. "मगे चोरापेक्षा बोंबच जड म्हणाची!"

बाई एवढ्या हसल्या की खाट हलली आणि माझं डोकं आणखी दुखलं. पण मग त्या गंभीर झाल्या. कधी कधी तसं होतं खरं, म्हणाल्या. एकजण ओरडतो, ते ऐकून दहाजण ओरडतात, सगळी गल्ली रस्त्यावर येते आणि चेंगराचेंगरीत माणसं जातात, चोर राहतो बाजूला. त्यांनी अशी माणसं पाहिली होती. "आता पुरे, गप्प बसा, असं सांगणारा निरोपही असणार. असलाच पाहिजे. अजून सापडला नाही, पण सापडेल." त्या हे इतक्या खात्रीने बोलल्या की जणू तो निरोप त्यांच्याच पत्त्यावर यायचा होता. काही वर्षांनी तसले निरोप सापडले. मी ते मुलुंडच्या लॅबमध्ये चहा पिताना एका मासिकात वाचलं आणि शेजारणीला म्हटलं, हे मला माहीत होतं.

मुलुंडच्या लॅबपर्यंत मी पोचले खरी, पण ते सहज झालं नाही.

परीक्षेत टीप लिहा म्हणून प्रश्न आला, इंटरफेरॉन. आम्ही खूश. मान वर न करता लिहिलं. आमचं इंग्रजी यथातथाच, पण मुद्दे पक्के होते. मी लिहिलं, ‘इन्फेक्टेड सेल हिट्स बोंब. नेबर सेल्स हिअर बोंब अँड हाइड देअर तवा.’ आता बोंब रोमन लिपीत कशी लिहिणार? बी, ओ, एम, बी. दुसरी कशी लिहितात मला आजही माहीत नाही. त्या लेक्चरला बसलेल्या झाडून सगळ्यांनी तशीच लिहिली.

निकालाच्या दिवशी एकजण सोडून सगळ्या वर्गाचा रिझल्ट राखून ठेवल्याची नोटीस लागली. सामूहिक कॉपीचा संशय. संसर्ग झालेली पेशी बॉम्ब टाकते आणि शेजारच्या पेशी तो बॉम्ब ऐकून काहीतरी लपवतात, असं जगातल्या कुठल्याही पुस्तकात नसलेलं उत्तर आमच्या प्रत्येक पेपरात होतं. ज्याने लिहिलं त्याचं बघून बाकीच्यांनी उतरवलं, यापलीकडे परीक्षकांना दुसरं काय वाटणार! आमच्यातला एकच पास झाला. तो त्या लेक्चरला दांडी मारून मॅटिनीला गेला होता आणि त्याने गाइडमधलं उत्तर लिहिलं होतं. त्याने पेढे वाटले. आम्ही घेतलेही.

मला त्या दिवसांत रडूही येत नव्हतं, इतकी मी घाबरले होते. बाबांची कापडगिरणी संपात बंद पडली ती पडलीच. मुलुंडच्या एका हॉस्पिटलने मला सांगून ठेवलं होतं, डिप्लोमा हातात पडला की लगेच लाग. आणि गावाहून मामांनी एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता, घरदार चांगलं होतं, फक्त मला नको होतं. बाबा काही दुष्ट नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, "रिझल्ट लागला तर नोकरी कर, मी मध्ये येणार नाही. नाही लागला तर मामाला मी नाही म्हणू शकत नाही गं." कॉपी सिद्ध झाली असती तर पुन्हा परीक्षेला बसायचीही सोय नव्हती.

बाईंनी नोटीस वाचली आणि आधी खो खो हसल्या. मग आमची तोंडं बघून थांबल्या. मला वाटलं, आता म्हणतील की माझं चुकलं, मी तुम्हाला असं शिकवायला नको होतं. छे! त्या म्हणाल्या, "स्पेलिंग तर बरोबर आहे!"

परीक्षा मंडळाचं ऑफिस अंधेरीला होतं, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. चौकशीला एकेकाला आत बोलावणार होते. बसमध्ये आम्ही बाईंना घेरलं. बाई, काय सांगायचं ते सांगा ना, एकदा घोटून घ्या ना. बाईंनी खिडकीबाहेर तोंड केलं. "आता सांगितलं तर ती खरीच कॉपी होईल." बस. साकीनाक्यापासून अंधेरीपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. बाई गप्प बसलेल्या मी पहिल्यांदा पाहत होते. मंडळाच्या दारातच शिपायाने सांगितलं, शिकवणाऱ्यांना वर सोडायचं नाही असा साहेबांचा हुकूम आहे. बाई भांडतील असं वाटलं, पण त्या मुकाट्याने समोरच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात जाऊन बसल्या.

पहिला नंबर माझा.

आत दोघे बसले होते. चौकशीचे अध्यक्ष पुण्याचे, शब्द मोजून बोलणारे. आमचे पेपर तपासणारे परीक्षक एक वयस्कर तमिळ गृहस्थ होते. त्यांनीच माझा पेपर पुढे सरकवला.

"योर होल क्लास इज थ्रोइंग बॉम्ब," ते म्हणाले. "व्हाय?"

मी इंग्रजी वाक्य जुळवायला लागले आणि दोन शब्दांत अडकले. "सर, मराठीत सांगू का?"

"बोला, बोला. मराठी समजतो मी."

"सर, बॉम्ब नाही ते. बोंब आहे."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "व्हॉट इज बोंब?"

"अं... अ सॉर्ट ऑफ लाउड क्राय," अध्यक्ष अवघडून म्हणाले. "खेड्यापाड्यांत, होळीला वगैरे." मग माझ्याकडे वळले. "हे पाहा, हे स्पष्टीकरण आपल्या बाईंनी आपल्याला मागाहून पढवलेलं नाही कशावरून? ओरडणं म्हणायचं होतं तर सरळ ‘शाउट’ लिहिता आलं असतं. शाउट आणि बोंब यांत काही फरक आहे का? असेल तर तो सांगा. नसेल, तर सगळ्यांनी एकाचं पाहून लिहिलं असंच आम्हाला धरावं लागेल."

हे बाईंनी शिकवलंच नव्हतं. डोळ्यांसमोर पुस्तक नव्हतं, बाई नव्हत्या, आमची चाळ होती. आणि एकदम मला दिसलं.

"फरक आहे सर. शाउटमध्ये शब्द असतात. चोर आला, आग लागली, अमक्या इकडे ये. बोंबेत शब्दच नसतो. कोण आलंय ते ती सांगत नाही आणि कुणाला सांगतेय तेही नाही. ज्याला कान आहेत त्याने ऐकायचं आणि कामाला लागायचं. म्हणून व्हायरस सर्दीचा असो नाहीतर गोवराचा, बोंब तीच. अँटिबॉडीचं तसं नसतं. ती एकेकाचं तोंड ओळखते, मग धरते, आणि ओळख पटेपर्यंत बरेच दिवस जातात. तोपर्यंत नाव-गाव न विचारता शेजाऱ्यांना जागं करायचं काम बोंबेचं. शाउट लिहिलं असतं तर हे आलंच नसतं, सर. ते चुकीचं झालं असतं."

शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेल्यावर मी जीभ चावली. परीक्षक माझ्या पेपराकडे बघत होते. "नॉन-स्पेसिफिक," ते स्वतःशीच म्हणाले. "शी मीन्स नॉन-स्पेसिफिक." मग चष्मा काढून मला म्हणाले, "मी कधी ऐकला नाही बोंब. दाखवा."

"अहो, इथे?" अध्यक्ष दचकले.

"परीक्षेत लिहिला आहे. दाखवू द्या."

आमच्यात मुली बोंब मारत नाहीत. शिमग्यातसुद्धा आम्ही दाराआडून ऐकायचो आणि आई कानांवर हात ठेवायला लावायची. मी उठले, ओढणी खांद्याला गाठ मारून बांधली, आणि मुलुंड, मामा, बाबांचा उतरलेला चेहरा, सगळं पोटातून वर आलं. पालथा हात तोंडावर नेला आणि मारली. दम संपेपर्यंत मारली.

बाहेर खुर्च्या सरकल्या. दोन दारं धाडकन लागली. शिपाई वाळूची लाल बादली घेऊन आत धावत आला आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत उभा राहिला. परीक्षकांना हसू आवरत नव्हतं. अध्यक्षांच्या कपाळावर घाम होता, पण त्यांनी कागद ओढला आणि सावकाश दोन ओळी लिहिल्या.

"बाकीच्यांना बोलावण्याची आवश्यकता नाही," ते म्हणाले. "आपला सर्वांचा निकाल जाहीर होईल. आणि यापुढे कृपा करून इंग्रजी शब्द वापरावेत."

मी तीन मजले कसे उतरले मला आठवत नाही. बाकीचे जिन्यातच ‘काय झालं गं, काय झालं’ करत मागे लागले, पण मला पहिल्यांदा बाईंना सांगायचं होतं. बाई गुऱ्हाळात नव्हत्याच. रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, हातात रसाचा अर्धा ग्लास, मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघत. रिक्षावाले त्यांना शिव्या घालत बाजूने जात होते.

"बाई! सुटला! सगळ्यांचा रिझल्ट सुटला!"

"आयकलंय मी," बाई म्हणाल्या.

"रिझल्ट?"

"रिझल्ट न्हय गो." पुढे त्यांचा आवाजच फुटेना. बाईंचे डोळे भरलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण तशी आमच्यात पद्धत नव्हती.

कुणाचं उष्टं पाणी प्यायलं म्हणून आम्हाला वर्षभर फैलावर घेणाऱ्या, दुसऱ्याच्या ग्लासाच्या कडेवर काय काय असतं ते मायक्रोस्कोपखाली दाखवणाऱ्या आमच्या बाईंनी हातातला अर्धा ग्लास माझ्यापुढे धरला.

"घे. घसा सोलवटला असेल."

मी तिथेच, भर रस्त्यात, तो एका दमात रिकामा केला.